'कोणीच आलं नाही' इंग्रजीत शिकवताना मराठीचा आधार घ्यावा का?

शिकवणी_कोथरूड
आठवी-नववीच्या मुलांना इंग्रजी शिकवते. परवा 'वर्गात कोणीच आलं नाही' हे वाक्य दिलं. बहुतेक वह्यांत 'नोबडी डिड नॉट कम', दोन-तीन वह्यांत 'एनीबडी डिड नॉट कम'. मुलांचं मराठी इथे चोख आहे! आपल्याकडे 'कोणीच'ला पुढे 'नाही' लागतंच. 'नोबडी'च्या मात्र पोटातच नकार आहे, म्हणून नुसतं 'नोबडी केम'. आणि 'एनीबडी' चालतं ते 'नॉट'च्या मागून: 'आय डिड नॉट सी एनीबडी'. दोन्ही भाषा फळ्यावर शेजारी-शेजारी मांडल्याशिवाय हे डोक्यात बसत नाही, असं माझं ठाम मत आहे.

सदाशिवपेठकर
अजिबात पटलं नाही. अशाने मूल कायम मनात भाषांतर करत बसतं. मुलीला मी एकही नियम सांगितला नाही. रोज फ्रीज उघडून 'देअर इज नो मिल्क', 'देअर इजन्ट एनी मिल्क' म्हणायचो, तीही म्हणायची. कानाला सवय झाली की चुकीचं वाक्य आपोआप खटकतं.

शिकवणी_कोथरूड
दुधापुरतं जमेल हो. पण 'दोन्ही लोकल आल्या नाहीत'चं काय? मुलं लिहितात 'बोथ ट्रेन्स डिड नॉट कम'. वाचणाऱ्याला वाटू शकतं, एक तरी आली असेल. तिथे 'नायदर ट्रेन केम' हवं. परत 'नायदर ट्रेन', पण 'नायदर ऑफ द ट्रेन्स'. 'नो स्टुडंट', पण 'नन ऑफ द स्टुडंट्स'. आठवड्यातून चार तास इंग्रजी ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर हे पडणार कधी?

भाषाप्रेमी_औंध
माझी हरकत वेगळीच आहे. दोन नकारांना सरसकट 'चूक' म्हणू नका. १४व्या शतकातल्या चॉसर या कवीच्या इंग्रजीत एका वाक्यात दोन-तीन नकार सर्रास सापडतात. आजही कित्येक इंग्रजी बोलींत 'आय डिडन्ट सी नोबडी' म्हणजे 'कोणीच दिसलं नाही' असंच. मुलांना सांगा, एकच नकार ही प्रमाण इंग्रजीची रीत आहे.

शिकवणी_कोथरूड
हे मान्य. उद्यापासून 'चूक' शब्द वापरणार नाही. तसंही काही शिक्षक बरोबर वाक्यालाच चूक ठरवतात. 'नन ऑफ द बुक्स आर' लिहिलं म्हणून माझ्या एका विद्यार्थ्याचा गुण कापला. 'इज' आणि 'आर' दोन्ही चालतात! फळा मात्र मी सोडणार नाही.

सदाशिवपेठकर
'नायदर'चा मुद्दा बिनतोड आहे, तेवढा फळ्यावर घ्या. बाकी आधी कानावर पडू द्या, नियम मागाहून.