लीड्समधली पाठीला पाठ लावलेली घरं : कुणी राहिलंय का?

पाया_आणि_भिंत (बेळगाव)

नमस्कार. मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. इंग्लंडमधल्या जुन्या कामगारवस्त्यांवर सबमिशन द्यायचं आहे. 'टेरेस हाऊस' म्हणजे एका ओळीत जोडलेली घरं, एवढं कळलं (आधी मला गच्चीचं घर वाटलं होतं, हसू नका). पण लीड्सची 'बॅक-टू-बॅक' घरं काही डोक्यात शिरेनात. तीन बाजूंना भिंती, दार-खिडक्या फक्त पुढे. मग संडास कुठे, धुणं कुठे? आपल्याकडचं कुणी अशा घरात राहिलं असेल तर सांगा की. प्लॅन आहेत माझ्याकडे, राहणं कसं असतं ते पाहिजे.

वडगावची_नर्स

मी राहिले आहे. २००३ ते २००७, लीड्सच्या हेअरहिल्स भागात, भाड्याने.

मी वडगावची, विणकराच्या घरातली. आमचं घर पुढून जेमतेम बारा फूट. सोप्यात खड्डामाग, बाबा खड्ड्यात पाय सोडून बसायचे. मग माजघर, मग चूल, आणि सगळ्यात शेवटी परसू : आड, धुण्याचा दगड, तुळस, कढीपत्ता. दोन्हीकडच्या भिंती शेजाऱ्यांशी सामाईकच. त्यामुळे चिंचोळं घर मला नवीन नव्हतं. लीड्सला किल्ली मिळाल्यावर मी सरळ आत चालत गेले, मागचं दार उघडायला. तर भिंत! आणि भिंतीपलीकडे कुणाचा तरी टीव्ही चाललेला.

खाली एक खोली, तिला चिकटून मोरीएवढं स्वयंपाकघर, वर झोपायची खोली, त्यावर माळा. जिना शिडीसारखा. तळघर पूर्वी कोळशाचं. रस्त्यावरच्या झाकणातून कोळसा थेट आत ओतायचे.

जुनं सगळं मला समोरच्या आजीने सांगितलं. पंच्याहत्तरीची होती. मला 'लव्ह' म्हणायची, पहिल्यांदा मी दचकलेच. तिथे भाजीवालाही तसंच म्हणतो. चौदाव्या वर्षी ती हडसन रोडवरच्या बर्टनच्या शिलाई कारखान्यात लागली. दहा हजारांवर माणसं होती तिथे, आणि युद्धाच्या काळात सैनिकांचे कपडे शिवायचे. तिच्या लहानपणी संडास घरात नव्हता. आठ घरांचा एक ठोकळा, चार या रस्त्याला, चार मागच्या. दोन ठोकळ्यांच्या मध्ये बोळ आणि त्यात सामाईक संडास. किल्ली दाराजवळच्या खिळ्याला. रात्री पलंगाखालचं भांडं.

धुणं सोमवारी. मागे जागाच नाही, म्हणून दोऱ्या रस्त्यावर आडव्या, या घरापासून समोरच्या घरापर्यंत. कोळशाची गाडी आली की बायका ओरडत बाहेर यायच्या आणि बांबूने दोऱ्या वर उचलायच्या. मी होते तेव्हाही काही गल्ल्यांत अशा दोऱ्या होत्या. दाराची पायरी दगडाने घासून कडेला पांढरी करायची. जिची पायरी मळकी, तिच्याबद्दल अख्खी गल्ली बोलणार. तो दगड भंगारवाला जुन्या चिंध्यांवर द्यायचा, म्हणजे आपली भांडीवालीच की!

आमच्या बायकांचं सगळं परसात चालायचं. रडणं, केस धुणं, सासूच्या चहाड्या, सगळं. त्यांना ते सगळं रस्त्यावर करावं लागलं. म्हणून मला 'त्या काळी किती एकोपा होता' हे वाक्य पटत नाही. आजीलाही पटत नव्हतं. ती म्हणायची, दार लावून घ्यायला मिळालं असतं तर मीही घेतलं असतं.

एकदा मी तिच्या दोरीवर आईची शहापुरी साडी टाकली. बाबांच्या मागावरची. आजीने काठ बोटात धरला, साडी उलटून मागची बाजू बघितली. किती दिवस लागतात, विचारलं. दोन-तीन, म्हटलं. मग कितीतरी वेळ ती काही बोललीच नाही.

टिळकवाडीचा_जुना

थोडी भर. साध्या टेरेसला मागे छोटं अंगण आणि गल्ली असते. पाठीला पाठ हा वेगळा, स्वस्तातला प्रकार. एकाच जमिनीत दुप्पट घरं बसतात. हवा आरपार जात नाही म्हणून १९०९च्या कायद्याने अशी नवी घरं बांधायला बंदी घातली. पण लीड्समध्ये आधी मंजूर झालेले नकाशे होते. त्यांच्या जोरावर १९३७पर्यंत बांधकाम चाललं. बाकी शहरांत बहुतेक पाडली, लीड्समध्ये अजून हजारो आहेत. बर्मिंगहॅमला शेवटचा उरलेला एक वाडा नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेने २००४ पासून लोकांना बघायला खुला केला आहे.

इथे बसून काम करायचं तर आधी गोकाक फॉल्सला जाऊन ये. १८८०च्या दशकातली सूतगिरणी आहे, कामगारांची वस्ती आहे. टेप घेऊन जा.

पाया_आणि_भिंत

धन्यवाद काका, रविवारी जातो. ताई, आरपार हवा नाही म्हणजे नेमकं काय होतं?

वडगावची_नर्स

फोडणी दिली की माळ्यावरच्या कपाटातल्या युनिफॉर्मला मोहरीचा वास. हिवाळ्यात खिडकीच्या काचेवर पाणी, कोपऱ्यात काळी बुरशी. मी भिंत ब्लीचने पुसायची, पंधरा दिवसांत परत तेच.

आणि आवाज. मागच्या भिंतीपलीकडे एक लहान मूल होतं. रात्रभर खोकायचं. माझ्या उशीपासून हातभर अंतरावर, पण त्यांचं दार मागच्या रस्त्यावर. चार महिने मी त्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. एका रात्री खोकल्याचा आवाज बदलला, भुंकल्यासारखा यायला लागला. अंगावर कोट चढवला, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, वळसा घातला, आणि दारं मोजत मोजत आले. मोजण्यात चुकून आधी भलतंच दार वाजवलं, शिवी खाल्ली.

बरोबर दार उघडलं ते पाकव्याप्त काश्मीरमधल्या मिरपूरकडच्या एका बाईने. मोडक्या हिंदीत सांगितलं, मी नर्स आहे, भिंतीपलीकडची. मुलाला बघितलं, फोन करून गाडी मागवली. गाडी येईपर्यंत आम्ही दोघी त्याला मांडीवर उभा धरून बसलो होतो.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "वो सुबह पाँच बजे का अलार्म आपका है?"