मदत हवी आहे: पर्यायी शेल लावलं आणि बाबांच्या खात्यात नुसता काळा पडदा

कडेकडेनं

नमस्कार मंडळी,

तातडीचं आधी सांगते, मूळ प्रश्न नंतर.

मशीनवर विंडोज ११ आहे. खाती दोन: माझं, ॲडमिनिस्ट्रेटरचे हक्क असलेलं, आणि बाबांचं, साधं. काल रात्री मी एक पर्यायी शेल (टास्कबार आणि डेस्कटॉप मांडणारा प्रोग्राम) उतरवून घेतलं. त्याच्यासोबतच्या सूचनांप्रमाणे रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) 'विनलॉगॉन'खाली 'शेल' नावाची नोंद शोधली आणि तिथलं 'एक्सप्लोरर.ईएक्सई' पुसून नव्या प्रोग्रामचा पत्ता टाकला. मशीन बंद करून चालू केलं. माझ्या खात्यात नवं शेल व्यवस्थित आलं. बाबांच्या खात्यात मात्र पासवर्ड घेतला आणि पुढे काळा पडदा. पॉइंटर फिरतो, बाकी काही नाही.

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबल्यावर टास्क मॅनेजर उघडतो. तिथून 'रन न्यू टास्क'मध्ये एक्सप्लोरर टाकलं. वाटलं, आता टास्कबार येईल. उघडली ती फाइलींची साधी खिडकी. टास्कबार नाही, डेस्कटॉपवरचे आयकॉन नाहीत. तीनदा करून पाहिलं, तीन खिडक्या झाल्या. रात्री दोन वाजता नाद सोडला.

एवढा खटाटोप कशासाठी, तेही सांगते. बाबांना कंपवात आहे. उजव्या हातानं माउस धरणं केव्हाच सुटलं, डाव्या हातानं ट्रॅकबॉल वापरतात, म्हणजे जागच्या जागी बॉल फिरवून पॉइंटर हलवतात. निवृत्तीनंतर त्यांनी एका मोठ्या संग्रहातल्या पत्रांची सूची करायला घेतली आहे आणि रोज सकाळी तीन-चार तास ते त्यात असतात. जुन्या मशीनवर विंडोज १० होतं, टास्कबार डाव्या कडेला उभा आणि चांगला रुंद करून ठेवलेला. बाबा बॉलला डावीकडे एक टिचकी मारायचे, पॉइंटर सरळ कडेला जाऊन अडायचा. हात कितीही थरथरला तरी कडेच्या पलीकडे तो जाणार कुठे? मग नुसतं वर-खाली करून हवं ते बटण दाबायचं.

नव्या मशीनवर टास्कबार खाली आहे आणि त्यासाठी बॉल स्वतःकडे ओढावा लागतो. नेमकी तीच हालचाल त्यांना जमत नाही. आडवी टिचकी बसते, पण ओढताना बोटं कापायला लागतात आणि पॉइंटर भलतीकडे जातो. परवा एक फाइल उघडायला त्यांना अकरा वेळा प्रयत्न करावा लागला. मी शेजारीच बसले होते. ते काही बोलले नाहीत, मशीन बंद करून उठून गेले. ते मला बघवलं नाही.

आमच्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये आयकॉन मध्ये ठेवायचे की डावीकडे, एवढाच पर्याय आहे. अख्खा टास्कबार कडेला उभा करण्याची सोय सापडली नाही. जुन्या लेखांतली रजिस्ट्रीची युक्तीही करून पाहिली, काही फरक पडला नाही. म्हणून शोधत शोधत पर्यायी शेलपर्यंत पोचले.

तर दोन गोष्टी हव्यात. एक, बाबांचं खातं पूर्ववत कसं करू? दोन, टास्कबार डाव्या कडेला आणण्याचा असा मार्ग कोणता, की जो एखाद्या सकाळी बाबांना तोंडघशी पाडणार नाही?

---

रात्रपाळी

ताई, घाबरू नका. बाबांच्या फाइलींना काही झालेलं नाही, फक्त त्यांच्यासमोर मांडायला कुणी उरलेलं नाही.

एक सांगा: नोंद बदललीत ती रजिस्ट्रीच्या एचकेएलएम शाखेतली (अख्ख्या मशीनची) की एचकेसीयूमधली (एका खात्याची)? आणि नवं शेल कोणत्या फोल्डरमध्ये ठेवलंय?

---

कडेकडेनं

एचकेएलएममधली. दुसरीकडे अशी नोंद मला दिसलीच नाही. शेल माझ्या 'डाउनलोड्स'मध्येच आहे, तिथेच झिप उलगडली होती.

---

रात्रपाळी

मग सगळा उलगडा झाला.

एचकेएलएम म्हणजे अख्ख्या मशीनचा कारभार. तिथली शेलची नोंद सगळ्या खात्यांना लागू होते. बाबांनी लॉगिन केल्यावर विंडोजने तुम्ही दिलेला पत्ता वाचला आणि तो निघाला तुमच्या डाउनलोड्समधला. बाबांचं खातं साधं, त्याला तुमच्या फोल्डरात शिरण्याची परवानगी नाही. शेल चाललंच नाही, म्हणून काळा पडदा. तुमच्या खात्यात तोच पत्ता तुमचाच असल्यामुळे चालला.

एक्सप्लोररनं नुसती खिडकी का उघडली, त्याचंही कारण तिथेच आहे. हा प्रोग्राम दुहेरी भूमिकेत असतो. टास्कबार आणि डेस्कटॉप तोच मांडतो, फाइली दाखवणारी खिडकीही तोच. सुरू होताना तो ती शेलची नोंद स्वतः वाचतो. तिथे आपलं नाव दिसलं तर शेल म्हणून उभा राहतो, दुसऱ्याचं दिसलं तर फाइलींची खिडकी उघडून गप्प बसतो. म्हणजे तुम्ही तीनदा नाही, तीस वेळा केलं असतं तरी टास्कबार आला नसता.

आता तुमच्या खात्यातून लॉगिन करा, टास्क मॅनेजरमधून 'रेजएडिट' चालवा. सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज एनटी, करंट व्हर्जन, विनलॉगॉन अशा क्रमानं एचकेएलएममध्ये खाली जा. 'शेल' या नोंदीत पुन्हा फक्त एक्सप्लोरर.ईएक्सई लिहा, मागेपुढे काही नको. शेजारी 'यूझरइनिट' नावाची नोंद दिसेल, तिला अजिबात हात लावू नका. लॉगिननंतरची पुढची साखळी तिच्यापासून सुरू होते, तिथे चूक झाली तर लॉगिनच होऊ देणार नाही. मग मशीन पुन्हा चालू करा.

पुढे कधी शेलचे प्रयोग करावेसे वाटले तर ते एचकेसीयूमध्ये, त्याच मार्गावर 'शेल' नावाची नवी स्ट्रिंग नोंद करून करा. ती मुळात तिथे नसते, म्हणून तुम्हाला दिसली नाही. ती फक्त त्या एका खात्यापुरती चालते. आणि आधी त्या शाखेवर उजवी क्लिक करून 'एक्स्पोर्ट' घ्यायला विसरू नका.

---

कडेकडेनं

आलं!! बाबांचा डेस्कटॉप जसाच्या तसा आला. जीव भांड्यात पडला. सकाळी ते बसले तेव्हा त्यांना काही कळलंही नाही. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

दुसरा प्रश्न अजून तसाच आहे. तेच शेल नीट जागी ठेवून फक्त बाबांच्या खात्यात लावावं का?

---

जुनाखिळा

माझं मत: लावू नका. शेल बदलण्याच्या मी विरुद्ध नाही, उलट त्यातच माझी उमेदीची वर्षं गेली. विंडोज ३.१ मध्ये हे काम एका ओळीचं होतं. सिस्टिम.आयएनआय ही सेटिंग्जची फाइल उघडायची, त्यात 'शेल=प्रोगमॅन.ईएक्सई' असायचं, म्हणजे प्रोग्राम मॅनेजर. तिथे दुसरं नाव लिहिलं की झालं. नव्वदच्या दशकाच्या शेवटी लाइटस्टेप नावाचं पर्यायी शेल आलं. युनिक्सकडच्या आफ्टरस्टेपचा आदर्श त्याच्यासमोर होता, आणि आफ्टरस्टेपनं आपलं रूप घेतलं होतं नेक्स्टस्टेपवरून. टास्कबारचा पट्टा जाऊन कडेला चौकोनी बटणांची उभी रांग यायची. पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा मी रात्रभर झोपलो नव्हतो. आपलं मशीन आपल्या हातानं घडवता येतं, हे मला त्या रांगेनं शिकवलं.

पण तेव्हा शेलकडे काम थोडं होतं. आज एक्सप्लोररच्या गळ्यात बरंच काही बांधलेलं आहे. घड्याळाजवळचे छोटे आयकॉन ज्या पट्टीत बसतात ती शेलनंच पुरवायची असते. लॉगिनबरोबर आपोआप सुरू होणारे प्रोग्राम, म्हणजे 'रन'च्या नोंदी आणि स्टार्टअप फोल्डर, तेही एक्सप्लोररच सुरू करतो. पर्यायी शेलनं ते काम स्वतः केलं नाही तर बॅकअप, कीबोर्डची साधनं, सगळं मुकाट बंद राहतं आणि महिनाभर कुणाच्या लक्षातही येत नाही. तुमच्या बाबांची सूची आपोआप कुठे बॅकअप होत असेल तर हा विचार आधी करा.

शिवाय तुम्हाला हवाय फक्त टास्कबार डावीकडे. त्यासाठी अख्खं शेल बदलणं म्हणजे दाराची कडी डावीकडे हवी म्हणून भिंत पाडण्यासारखं आहे.

एक नावाचा घोटाळाही सांगून ठेवतो. 'ओपन-शेल' या नावामुळे ते पर्यायी शेल वाटतं, पण तो मुख्यतः स्टार्ट मेनू आहे. पूर्वीचं क्लासिक शेल. त्याच्या कर्त्यानं २०१७ मध्ये काम थांबवलं आणि कोड खुला केला, पुढे इतरांनी ते या नावानं चालवलं. चांगलं आहे, पण टास्कबार हलवत नाही. रेनमीटरही तुमच्या कामाचं नाही. ते डेस्कटॉपवर घड्याळ, हवामान, मोजमापं मांडतं, तेही साध्या आयएनआय फायलींतून. मला फार आवडतं, पण टास्कबारला ते शिवत नाही.

---

टाचणी

जुनाखिळा यांच्याशी सहमत. ताई, तुम्हाला शेल नको, मॉड हवा. विंडहॉक बघा.

विंडहॉक एक्सप्लोररला बाजूला सारत नाही. तो चालू असतानाच त्याच्या आत छोटा तुकडा घालतं आणि तेवढं एकच वागणं बदलतं. प्रत्येक मॉड म्हणजे सी प्लस प्लसमध्ये लिहिलेला कोड. तो तिथेच उघडून वाचता येतो आणि तुमच्याच मशीनवर कंपाइल होतो. विंडोज ११ चा टास्कबार उभा करणारा मॉड त्यात आहे: 'व्हर्टिकल टास्कबार'. डावीकडे की उजवीकडे, पट्टा किती रुंद, हे सेटिंगमध्ये ठरवता येतं. नको झाला तर एक बटण बंद करायचं, टास्कबार परत खाली. रजिस्ट्रीत शेलच्या नोंदीला हातच लावायचा नाही.

एक्सप्लोररपॅचर हा दुसरा रस्ता. तो विंडोज १० सारखा टास्कबार आणतो. पण विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर त्याची नवी आवृत्ती येईपर्यंत खोळंबा होऊ शकतो. स्वतःच्या मशीनवर मी तो खुशाल वापरेन, बाबांच्या मशीनवर नाही.

अपडेटचा फटका विंडहॉकलाही बसतो, हे लपवत नाही. एक्सप्लोररच्या आतली नेमकी जागा शोधायला असे मॉड मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवरून सिम्बॉल्स नावाच्या फायली उतरवून घेतात. अपडेटनं मूळ फाइल बदलली की सिम्बॉल्स नव्यानं आणावे लागतात. तोवर टास्कबार खालीच दिसेल. इंटरनेट चालू असलं तर बहुतेक वेळा थोडं थांबल्यावर जागेवर येतो. आणि एखाद्या अपडेटनं आतली रचनाच बदलली, तर मॉडची दुरुस्ती येईपर्यंत खालच्या टास्कबारवर दिवस काढावे लागतील. पण काळ्या पडद्याची शक्यता फारच कमी.

कडेबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते अगदी बरोबर निरीक्षण आहे. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम आहे: लक्ष्य जितकं मोठं आणि जवळ, तितका हात तिथे लवकर पोचतो. पडद्याच्या कडेला चिकटलेलं बटण त्या दिशेनं जणू अमर्याद खोल असतं, कारण पॉइंटर पलीकडे जाऊच शकत नाही. बाबांनी ते अनुभवानं शोधून काढलं.

---

पाणकावळा

लिनक्सचा विचार केलात का? केडीई प्लाझ्मा, एक्सएफसीई, माटे हे त्याचे डेस्कटॉप, तिन्हींत पॅनेल (तिकडचा टास्कबार) डाव्या कडेला नेणं हे मुळातच दिलेलं आहे, मॉड लागत नाही. नोम या डेस्कटॉपमध्ये मात्र एक्स्टेन्शन (वरून जोडायचे तुकडे) लागतात आणि तिथेही अपडेटचं हेच दुखणं आहे. २०२३ मध्ये नोम ४५ आलं तेव्हा जुनी सगळी एक्स्टेन्शन नव्यानं जुळवून घ्यावी लागली होती.

---

कडेकडेनं

पाणकावळा, सुचवणी मनापासून आवडली. पण बाबांची सूची ज्या प्रोग्राममध्ये आहे तो फक्त विंडोजवर चालतो, आणि या वयात त्यांना तो सोडायला सांगणं माझ्याच्यानं होणार नाही.

टाचणी, विंडहॉक लावलं. आधी रिस्टोअर पॉइंट घेतला, म्हणजे बिघडलं तर मागे जाता येईल. एक तिसरं खातं उघडून त्यात दोन दिवस वापरून पाहिलं, शेवटी बाबांच्या खात्यात गेले. टास्कबार डावीकडे, रुंदीही वाढवली. सेटिंग्जमधून पॉइंटर मोठा आणि काळा केला, वेग दोन घरं कमी केला.

आज सकाळी बाबांना काही न सांगता बसवलं. सवयीनं त्यांनी बॉल आधी खाली ओढायला घेतला, मग पडद्याकडे बघून थांबले. डावीकडे टिचकी मारली. पॉइंटर कडेला जाऊन अडला. हात थरथरत होता, पॉइंटर कडेवरच थोडा वर-खाली होत होता, पण बटण सुटत नव्हतं. पहिल्याच झटक्यात फाइल उघडली. दुपारपर्यंत त्यांनी एकवीस पत्रं नोंदवली.

टेबलावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: 'पट्टा खाली दिसला तर मशीन बंद करू नका, थोडा वेळ थांबा, मग मला हाक मारा.' एवढं पुरे का, की अजून काही लिहावं?

---

रात्रपाळी

चिठ्ठी उत्तम. खाली एवढं जोडा: 'पडदा काळा दिसला तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप.' लागणार नाही, पण असू द्या. आणि विंडहॉकमध्ये दुसरे मॉड हौसेनं चढवू नका, निदान त्या मशीनवर. एकच असला की बिघाड कुठे आहे ते लगेच कळतं.

---

कडेकडेनं

जोडलं. बाबांनी चिठ्ठी वाचली आणि विचारलं, "घड्याळ कुठे गेलं?" ते पट्ट्याच्या तळाशी, डाव्या कोपऱ्यात आहे. दाखवल्यावर म्हणाले, जुन्या मशीनवर तिथेच होतं.