किपलिंगच्या सुरुवातीच्या कथा एवढ्या आखूड का?

प्रश्न (पानपलटी):
'प्लेन टेल्स फ्रॉम द हिल्स'मधल्या 2 कथा मराठीत करायला घेतल्या आहेत. वाक्यं तोडून टाकल्यासारखी आहेत, निम्मं न सांगताच पुढे जातो. 'जंगल बुक'चा किपलिंग असा नाही. मधल्या गाळलेल्या जागा भरून घ्याव्यात का? आणि हा फरक कशामुळे पडला?

उत्तर (शाईदौत):
भरू नका. ती तोडमोड जागेच्या मापाची आहे. ऑक्टोबर 1882 मध्ये, 17 वर्षंही पुरी नसताना, तो लाहोरच्या 'सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट'मध्ये उपसंपादक म्हणून लागला. तिथे कथा छापायची ती वर्तमानपत्राच्या ठरलेल्या जागेत, साधारण 1200 शब्दांत. त्यामुळे पात्राची ओळख एका वाक्यात, आणि फाटा फुटला की 'पण ती वेगळी गोष्ट' म्हणून तो तिथेच छाटायचा. हे वाक्य पुन्हा पुन्हा येतं. मराठीत एकदा जे रूप ठरवाल तेच सगळीकडे ठेवा, नाहीतर त्यातली खोडी जाते.

1887 मध्ये तो अलाहाबादच्या 'पायोनियर'कडे गेला. तिथल्या साप्ताहिक पुरवणीत 3 ते 5 हजार शब्दांची मुभा मिळाली. 1888 मध्ये एकट्या त्या वर्षात 'प्लेन टेल्स' (40 कथा) आणि ए. एच. व्हीलरच्या रेल्वे ग्रंथमालेतली 6 पुस्तकं निघाली. स्टेशनवर एका रुपयाला एक. 'प्लेन टेल्स' आणि या 6 पैकी एखादं पुस्तक शेजारी ठेवून वाचा, श्वास कुठे लांबला ते लगेच कळतं.

मार्च 1889 मध्ये त्यानं हिंदुस्थान सोडला. 'जंगल बुक' (1894) लिहिलं अमेरिकेत, व्हरमाँटमध्ये. त्यातली मोगलीची पहिली कथा आली न्यूयॉर्कच्या मुलांच्या मासिकात. जागा वेगळी, वाचक वेगळा, म्हणून सूर वेगळा.

उत्तर (खोडरबर):
कारण एवढंच नाही. मुभा मिळाल्यावरही तो कापतच राहिला. त्याची रीत आत्मचरित्रात (1937, मृत्यूनंतर प्रसिद्ध) दिली आहे: चांगली घोटलेली काळी शाई आणि ओळींमधल्या अंतराला साजेसा ब्रश घ्यायचा. शेवटचा खर्डा वाचत नको तो शब्द, वाक्य, परिच्छेद काळा करायचा. मग लिखाण जमेल तितके दिवस मुरू द्यायचं. पुन्हा वाचलं की आणखी कापता येतं. शेवटी एकट्यानं, सावकाश, मोठ्यानं वाचायचं. विस्तवातली राख खरडून काढली की तो फुलतो, तसं कापलेल्या कथेचं होतं, असं त्याचं म्हणणं. मात्र कापलेलं आधी लिहिलेलं असावं लागतं. अनुवादक नेमका इथे फसतो: गाळलेलं त्यालाच उमगलेलं नसतं, मग मराठी वाक्य आखूड न होता नुसतं संदिग्ध होतं. खर्ड्यात गाळलेला मजकूर कंसात लिहून ठेवा, अंतिम प्रतीत खोडा.

पानपलटी:
कंसाची युक्ती करून बघतो. संवादात मधेच 'दाऊ' (thou) येतं, ते जुनाट इंग्रजी म्हणून सोडून द्यायचं का?

उत्तर (शाईदौत):
अजिबात नाही! तिथे तो मनात हिंदुस्थानी ठेवून इंग्रजी लिहितोय. 'दाऊ' म्हणजे आपलं 'तू'. म्हणून बोली संवादात 'यू' आलं की तिथे 'तुम्ही' बसतं का ते आधी तपासा. 'किम' कादंबरीत (1901) तर कोण कोणाला केव्हा 'तू' म्हणतो यावर प्रसंग फिरतो. ही सवय मुंबईची. 30 डिसेंबर 1865 ला जन्म, वडील जॉन लॉकवुड जे. जे. कलाशाळेत शिल्पकला शिकवत. आया आणि नोकर मीता यांच्या बोलीतच पोराचा विचार चाले. जेवणघरात आईबापांपुढे पाठवताना 'आता इंग्रजीत बोल' अशी ताकीद मिळे. सहाव्या वर्षी इंग्लंडला साउथसीत परक्या घरी ठेवलं, पण कानातलं गेलं नाही.

उत्तर (वैनगंगाकाठ):
नावांचं एक. 'जंगल बुक'मधली 'वेनगुंगा' नदी म्हणजे आपली वैनगंगा, तसंच लिहा. बघीरा, हाथी, बालू ही नावं इथलीच, पण 'मोगली' म्हणजे बेडूक हे त्यानं रचलेलं आहे. कोशात शोधत बसू नका. पहिलं अक्षर तो इंग्रजी 'काऊ'सारखं (cow) म्हणायचा, म्हणजे 'माउग्ली'. मराठीत मात्र 'मोगली' इतकं रुळलंय की बदलण्यात अर्थ नाही.