स्क्रॅच: चौथीच्या मुलांना ‘रिपीट’ वापरायला कसं शिकवू? मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात एका मराठी शाळेत चौथीला शिकवते. मुलं ३८, चालू संगणक ६. मुलांना स्क्रॅच शिकवते, म्हणजे हुकुमांचे रंगीत ब्लॉक एकाखाली एक जोडून पडद्यावरचं मांजर हलवायची संगणकाची भाषा. नेटचा भरवसा नाही म्हणून स्क्रॅच उतरवून सगळ्या संगणकांवर टाकून घेतलंय, नेटशिवाय ते छान चालतं. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास त्याला देते. एका ताईंनी स्क्रॅच ज्युनिअर सुचवलं होतं, पण ते ५ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे. माझी मुलं नऊ-दहाची, आणि स्क्रॅच आठ वर्षांपासून पुढच्यांसाठीच केलेलं आहे. तेव्हा वयाची अडचण नाही.

पहिल्या शनिवारी चौरस घेतला. शंभर पावलं पुढे, ९० अंशांत वळण, आणि हे ‘रिपीट’मध्ये, म्हणजे आतले हुकूम पुन्हा पुन्हा करणाऱ्या ब्लॉकमध्ये, चार वेळा. हिरवा झेंडा दाबला आणि सगळी मुलं ओरडली, “बाई, कायच झालं नाही!” खरंच होतं त्यांचं. पापणी लवायच्या आत मांजर फिरून मूळ जागी येऊन उभं राहतं. मग मांजराच्या वाटेवर रेघ काढणारं पेन जोडलं, आत एक सेकंद थांबवणारा ‘वेट’ टाकला, तेव्हा कुठे चौरस दिसला. दुसरी गाठ वळण्याची. ‘उजवीकडे वळ’ म्हटलं की मुलं वळून एक पाऊल टाकतातच. त्यासाठी मैदानात नेलं, एकानं मांजर व्हायचं आणि बाकीच्यांनी हुकूम सोडायचे. दोन तासांत ते सुटलं. स्क्रॅचच्या आधीच्या लोगो या संगणकाच्या भाषेत हुकुमानं चालणारं कासव असायचं, तेव्हाही मुलांनी स्वतः कासव होऊन चालून बघावं असंच सांगत. उगाच नाही सांगत, हे आता पटलं.

आता खरी अडचण, ती ‘रिपीट’ची. आमच्या बऱ्याच मुलांच्या घरी तेलुगू बोलतात, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. ‘पुन्हा पुन्हा’ ही कल्पना समजवावी म्हणून मी वर्गात चादर नेली आणि विचारलं, ही नक्षी मागाला कशी कळते? मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी तोंड न उघडणारा, उठून उभा राहिला. जॅकार्डची, म्हणजे मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्राची, भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं एकमेकांना ओवून त्यांची माळ कशी करतात, ते हातवारे करून सांगितलं. शेवटी म्हणाला, “शेवटचं कार्ड झालं की परत पहिलं येतंय बाई. नक्षी कितीबी येळा काढा, कार्डं तेवढीच लागत्यात.” याहून चांगली लूपची (तेच हुकूम पुन्हा पुन्हा फिरवण्याची) व्याख्या मी तरी देऊ शकले नसते. अशाच कार्डांवरून चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं १९व्या शतकात आपल्या गणनयंत्राला हुकूम द्यायचं ठरवलं होतं, ते मी मुलांना सांगितलं. त्या मुलाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

तोच मुलगा संगणकावर बसला. पाच पायऱ्यांचा जिना काढायचा होता. त्यानं पुढे, डावीकडे वळ, पुढे, उजवीकडे वळ असे वीस ब्लॉक एकाखाली एक लावले. एकही चूक नाही. म्हटलं, आता हेच रिपीट वापरून कर. त्यानं रिपीट पाचमध्ये फक्त ‘पुढे’ घातलं आणि वळणं बाहेर ठेवली. मांजर सरळ उजव्या कडेला जाऊन टेकलं. बाकीच्या गटांतही थोड्याफार फरकानं हेच. म्हणजे ‘पुन्हा येतं’ हे कळतंय, पण पुन्हा येणारा तुकडा नेमका कुठे सुरू होतो नि कुठे संपतो, तो कापता येत नाही. मी लावून दाखवलं की तसंच उतरवतात. शिवाय ब्लॉक वाचतच नाहीत, “निळा टाक, केशरी टाक” असं रंगावर चालतं.

माझ्या मनात असं आहे की वीस ब्लॉक कागदाच्या एका लांब पट्टीवर लिहून द्यावेत आणि घडी घालायला सांगावी. घडी उघडल्यावर प्रत्येक भागात तेच शब्द आले तर तो तुकडा सापडला. कुणी असं केलंय का? की रिपीट मी फार लवकर आणलं? आणखी दोन-तीन शनिवार त्यांना लांबच लांब रांगा लावू द्याव्यात, स्वतःच कंटाळून “बाई, याला काही सोपं नाही का?” म्हणेपर्यंत थांबावं, असंही वाटतं.

आणि एका संगणकावर सहा-सात मुलं असताना माऊस कुणाच्या हाती द्यायचा? सध्या माऊसवाला भराभर लावतो, बाकीचे बघत बसतात. सांगणारा वेगळा, लावणारा वेगळा असं करून पाहिलंत का? दर किती मिनिटांनी बदलायचं?

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कोडिंगचा उल्लेख सहावी ते आठवीच्या टप्प्यासाठी आहे, त्यामुळे मला चौथीत कुठला भाग संपवायची घाई नाही. दोन महिने या एकाच गोष्टीवर गेले तरी चालतील.

पट्ट्या शुक्रवारपर्यंत कापून ठेवते. जिन्याच्याच करू, की आधी चादरीच्या किनारीची नक्षी घेऊ? वर्गात हे करून पाहिलेल्यांनी, फसलं असेल तरी, जरूर लिहा.