मदत हवी आहे: पंपिंग स्टेशनचं मैलापाणी थेट ओढ्यात

आमची 'क' वर्ग नगरपरिषद. गावात भुयारी गटार आहे, एसटीपीही (मैलापाणी शुद्धीकरण केंद्र) आहे. पण लाइट गेली की ओढ्याकाठच्या पंपिंग स्टेशनातले पंप बंद पडतात, तिथली मैलापाणी साठवायची विहीर तुंबते आणि वरच्या बाजूच्या चेंबरचं झाकण उचलून मैलापाणी ओढ्यात उतरतं. पावसाचा संबंध नाही, उन्हाळ्यातही हेच. जनरेटर आहे, पण डिझेल नसतं! ओढा पुढे नदीला मिळतो आणि तिथेच खालच्या गावाची जॅकवेल (पिण्याचं पाणी उपसायची विहीर) आहे.

मुख्याधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिलेत, पोच आहे. 'आपले सरकार'वरची तक्रार 'कार्यवाही सुरू' म्हणून बंद केली. माहिती अधिकारात पंपांचं लॉगबुक आणि डिझेलची बिलं मागितली. ३० दिवस उलटले, पहिलं अपील केलंय. प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अधिकारी येऊन गेले, पण त्या दिवशी पंप चालू होते. तारीख-वेळेसह फोटो, व्हिडिओ आहेत. वकिलाचा खर्च सध्या झेपणारा नाही आणि नगरसेवकांकडे जाऊन झालंय, तो सल्ला कृपया नको.

पुण्याच्या हरित लवादात स्वतःच अर्ज करायचा विचार आहे. हरित लवाद कायद्याच्या कलम १४ खाली अर्ज करायला सहा महिन्यांची मुदत आहे, ती पहिल्या घटनेपासून मोजतात की प्रत्येक वेळी वाहिलं की नव्याने? आणि खासगी मान्यताप्राप्त लॅबचा पाण्याचा अहवाल तिथे चालतो, की नमुना मंडळानेच घेतलेला लागतो?