डायक्लोफेनॅकचा हृदयाला असलेला धोका ओमेगा-३ च्या कॅप्सूलने टळतो का?

प्रश्न : माझ्या आईचे वय ६६ असून रक्तदाबासाठी ती टेल्मिसार्टन घेते. गुडघ्यांच्या झिजेमुळे गेले काही महिने ती जवळजवळ रोज डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेत आहे. या गोळीने हृदयाला धोका असला तरी सोबत ओमेगा-३ आणि कोएन्झाइम क्यू१० ही पूरके घेतल्यास तो भरून निघतो, असे एका नातेवाइकांनी ठामपणे सांगितले. यात कितपत तथ्य आहे?

उत्तर १ : या दाव्याला आधार नाही. डायक्लोफेनॅक कॉक्स-२ हे एन्झाइम रोखून वेदना कमी करते. परंतु रक्तवाहिन्या सैल ठेवणारे आणि गुठळी होऊ न देणारे प्रोस्टासायक्लिन तयार होण्यासाठीही हेच एन्झाइम लागते. शिवाय मूत्रपिंडे मीठ व पाणी धरून ठेवतात, रक्तदाब चढतो आणि टेल्मिसार्टनचा परिणाम कमी होतो. कॅप्सूल घेतल्याने यांपैकी काहीही थांबत नाही. २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणानुसार, डायक्लोफेनॅक किंवा तत्सम कॉक्सिब (मुख्यतः कॉक्स-२ रोखणाऱ्या) गटातील औषध भरपूर मात्रेत वर्षभर घेणाऱ्या दर १००० रुग्णांमागे सुमारे ३ जणांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात यांसारखा गंभीर त्रास अधिक झाला. ज्यांना आधीच हृदयविकार आहे, त्यांच्यासाठी हा आकडा याहून मोठा असतो.

उत्तर २ : ओमेगा-३ बद्दल थोडी भर घालतो. अमेरिकेतील ‘व्हायटल’ चाचणीत सुमारे २६,००० लोकांना रोज १ ग्रॅम ओमेगा-३ किंवा निष्क्रिय कॅप्सूल देण्यात आली. २०१८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा हृदयाच्या मोठ्या घटनांमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. हे लोक वेदनाशामके घेणारे म्हणून निवडलेले नव्हते, हे खरे. पण एरवीही जिथे ठोस संरक्षण मिळाले नाही, तिथे औषधाचा धोका पुसला जाईल असे मानणे मला घातक वाटते. रोज ४ ग्रॅमसारख्या मोठ्या मात्रेने तर हृदयाची लय बिघडण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा, धोका वाढलेला आढळला आहे.

उत्तर ३ : खरा उपाय गोळी कमी करण्यातच आहे. डायक्लोफेनॅकचे जेल गुडघ्याला लावल्यास रक्तात फारच थोडे औषध जाते, आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नियमित केल्यास वेदना खरोखर कमी होतात. पॅरासिटामॉलही रोज ४ ग्रॅम घेतल्यास रक्तदाब वाढवते, त्यामुळे तेही मनाने सुरू करू नये. आईंच्या रक्तदाबाच्या गोळीत टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड हे लघवी वाढवणारे औषध आहे का, हे पाकिटावर अवश्य पाहा. असल्यास डायक्लोफेनॅकच्या जोडीने मूत्रपिंडांवर तिहेरी ताण येतो आणि डॉक्टरांना विचारून क्रिएटिनिनची (मूत्रपिंडांचे काम दाखवणारी) तपासणी लवकर करून घ्यावी लागेल.