आखाजीचे मांडे: फोटोवरून रंगवावेत का?

तापीकाठ (भुसावळ)
आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आमच्या चित्रकार मंडळींत ताटांच्या चित्रांचा पूर येतो. खापरावरचे (मातीच्या उपड्या भांड्यावर भाजलेले) पुरणाचे मांडे, वाटीभर आमरस, बाजूला तूप. यंदाची बहुतेक चित्रं मोबाइलच्या फोटोवरून केलेली, आणि ते बघताक्षणी कळतं. घडी घातलेल्या मांड्यात पापुद्र्याआडून पुरण गडद दिसतं, खापराला टेकलेल्या जागी तपकिरी डाग पडतात. फोटोत याची एकजात पिवळी चादर होते. तुपाची चकाकी पांढरीफटक, सावल्या काळ्याकुट्ट. अहो, पितळी ताटातली सावली काळी नसते, तिच्यात रसाचा केशरी रंग उतरलेला असतो! माझं स्पष्ट मत: पदार्थ समोर ठेवून रंगवा, नाहीतर रंगवू नका.

खापरवाली (अमळनेर)
भाऊ, तुमच्या घरी मांडे कोण करतं? बाहेर ४४ अंश, चुलीवर उपडं खापर, आणि हातावर ताणून मोठा केलेला मांडा त्यावर टाकायचा. तो खापरावरून उतरला की घडी घालेपर्यंत मऊ. पंख्याखाली थोडा वेळ राहिला तर कडा कडक होऊन वर उचलतात. रसाचा रंगही बसल्या बसल्या काळपट होतो. पंगत बसलेली असताना चित्रासाठी ताट अडवून ठेवायचं का? मी फोटो काढते, गरम जेवते आणि निवांत रंगवते.

तापीकाठ
जलरंगात पाऊण तासात होतं की. मांडा वाळला तर वाळलेला रंगवा, तेही खरंच आहे.

खापरवाली
वाळलेला मांडा कोणी वाढत नाही, भाऊ.

रंगपेटी (धुळे)
फोटोला नावं ठेवण्याआधी तो कसा काढता ते बघा. मोबाइलची नेहमीची लेन्स रुंद कोनाची असते. ताटावर वाकून जवळून टिपलं की पुढची कड फुगते, मागची आक्रसते, आणि तीच वाकडी वाटी आपण इमानदारीने कागदावर उतरवतो. दोन पावलं मागे सरका, झूम करा, रंगवायला बसाल त्याच उंचीवरून टिपा. ट्यूबलाइट बंद, एकाच खिडकीचा उजेड. आणि ताट उचलण्याआधी कागदाच्या तुकड्यावर चार रंग जुळवून ठेवा: रस, पुरण, पितळ, सावली. पुढे फोटोतून आकार घ्या, रंग त्या तुकड्यावरून.

समोर ठेवूनच रंगवायचं हा हट्ट मला पटत नाही. अमेरिकेच्या वेन थीबो यांचं १९६३ चं केकचं मोठं चित्र प्रसिद्ध आहे. गोडाची दुकानं त्यांनी बरीचशी आठवणीतून रंगवली. तरी क्रीमच्या जागी रंगाचा जाड थर असा फिरवलाय की क्रीमच लावल्यासारखं वाटतं. त्यांच्या सावल्या निळ्या आहेत, काळ्या नाहीत. म्हणजे तुमची तक्रार फोटोपेक्षा न बघण्याबद्दल आहे.

गिरणाथडी (चाळीसगाव)
आमच्या गावात राहून फोटोला दुय्यम म्हणणं जड जातं. केकी मूस (१९१२–१९८९) यांनी इथेच, घराच्या चार भिंतींत, टेबलावर साध्या वस्तू मांडून आणि उजेड जुळवून टेबल-टॉप छायाचित्रं केली. ते फोटो हीच त्यांची स्थिरचित्रं. चाळीसगावातलं त्यांचं कलादालन एकदा बघून या, मग बोलू.

तापीकाठ
बघितलंय. आणि म्हणूनच सांगतो, मूसांनी वस्तू स्वतः मांडली, उजेड स्वतः जुळवला. बघण्याचं काम फोटोच्या आधी झालं होतं. स्वतः मांडलेल्या ताटाचा स्वतः काढलेला फोटो असेल, तर माझा विरोध मागे घेतो. पण नेटवरून उचललेल्या ताटाला अजिबात सूट नाही. ज्याचा वास घेतला नाही, ज्याला हात लावला नाही, त्याचा पापुद्रा किती पातळ हे ब्रशला कुठून कळणार?

खापरवाली
इथेही मी अडणार. माझ्या मावशीचे हात आता मांडा पेलत नाहीत. तिच्या शेवटच्या मांड्यांचा फोटो भाच्याने घाईत काढला होता, वरून फ्लॅश मारून. ना मी मांडला, ना मी टिपला. पण ते मांडे मी जन्मभर खाल्लेत आणि सध्या तोच फोटो समोर ठेवून रंगवतेय. फ्लॅशचे पांढरे डाग सोडून दिलेत, सावली तांबूस केलीय.

तापीकाठ
ताई, ते चित्र इथे टाका. तूप कुठे चकाकवलंय ते बघायचंय. पटलं नाही तर तसंही सांगेन.